भिंतींची किंमत

घराची किंमत वाढली म्हणून भिंतीत एक वीटही वाढत नाही. माणसाचा हात मात्र सैल होतो. चंद्रपुरातील आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने शेजारचे घर चढ्या भावाने विकले गेल्याचे ऐकले आणि हप्त्यांवर मोटार घेतली.

पुढे २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. तिच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच गृहबांधणी समूहाकडे अडकला होता. खातेदारांना प्रारंभी सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. आमच्या कुटुंबाचा एक पैसाही त्या बँकेत नव्हता. तरीही, "फादर, उद्या आपलीही बँक बुडाली तर?" असे म्हणत त्यांनी नाताळची रंगरंगोटी रद्द केली. मीही चर्चची सफेदी पुढे ढकलली. तेवढीच काटकसर, असे मला वाटले.

डिसेंबरात रंगारी भेटावयास आला. तो गडचिरोलीकडील जंगलातल्या खेड्याचा. त्याच्या मातीच्या घराला बाजारभाव नाही आणि बँकेत त्याची ठेवही नाही. मोहफुले व तेंदूपाने यांचा हंगाम सरला की शहरातील आमच्या भिंती हेच त्याचे पोट. "यंदा कोणीच बोलावले नाही," एवढेच तो म्हणाला.

आमची शिल्लक आमच्यापाशीच राहिली होती. चूल मात्र त्याची विझली होती. दुसऱ्याच दिवशी मी त्याला सफेदीच्या कामावर बोलावले. फार उशिरा, हे मला ठाऊक होते.