डोरोथी ॲशबीचा खय्याम

हार्प दिसायला देखणं, पण जॅझवाल्यांनी त्याला कधी आपल्या पंगतीत बसवून घेतलं नाही. ४७ तारा, पायाशी सात पेडलं. अर्ध्या सुरानं चढायचं-उतरायचं तर तेही पायानं. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या धबडग्यात त्याला कोण विचारतो! डेट्रॉइटच्या डोरोथी ॲशबीनं मात्र १९५०च्या दशकापासून याच वाद्यावर बीबॉप वाजवलं. पुढे नवऱ्याबरोबर नाटक कंपनी चालवली. आणि १९७० साली शिकागोच्या कॅडेट कंपनीनं तिची एक तबकडी काढली: ‘द रुबायत ऑफ डोरोथी ॲशबी’.

नाव पाहा. फारसी कवी उमर खय्यामला त्याच्याच रुबायांच्या मालकीहक्कातून थेट उठवलंय! मला ते प्रामाणिक वाटतं. खय्यामच्या नावावरच्या रुबायांपैकी खरोखर त्याच्या किती, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. १८५९ साली फिट्झजेराल्डनं त्या इंग्रजीत आणताना हवं ते जोडलं, हवं ते गाळलं. आपल्याकडे माधव जूलियन फारसीचे पंडित. त्यांनी मूळ रुबाया मराठीत आणल्याच, शिवाय फिट्झजेराल्डवरून ‘द्राक्षकन्या’ वेगळी लिहिली. एक खय्याम दुसऱ्याच्या जागी चालत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. मग तिसरा ॲशबीचा असायला कोणाची हरकत?

तबकडीत दहा गाणी आहेत. शब्द फिट्झजेराल्डच्या वळणाचे, संगीत संयोजन रिचर्ड एव्हान्सचं. हार्पखेरीज ॲशबीनं जपानी कोतोही वाजवलंय. जोडीला बासरी, आफ्रिकेतला कलिंबा आणि तळाशी सोल संगीताचा ठणठणीत ठेका. कागदावर हा सगळा गोपाळकाला वाटतो. पण ‘जॉयफुल ग्रास अँड ग्रेप’मध्ये कोतोची करकरीत तार वाजते, तिला खालून ठेका येऊन मिळतो आणि शंका घ्यायला सवड उरत नाही. गाते मात्र ती जरा नाटकीच. भावगीतांवर वाढलेला आपला कान आधी शब्द शोधतो, इथे तो थोडा हिरमुसतो. शब्द थांबले की कविता मोकळी होते, असं माझं तरी मत.

तबकडी फारशी चालली नाही. १९७६ साली स्टीव्ही वंडरच्या ‘इफ इट्स मॅजिक’ला ॲशबीच्या हार्पची साथ होती, १९८६ साली ती गेली. तिच्या वादनाचे तुकडे उचलून हिपहॉपवाल्यांनी आपली गाणी उभी केली, ती नंतर.

शेवटचं गाणं ‘द मूव्हिंग फिंगर’. नियतीनं एकदा लिहिलं की पुसता येत नाही, ही ती रुबाई. दुसऱ्या कोणी ती रडवेली केली असती. ही बाई तिला ठेक्यावर चढवते. व्हिक्टोरियन इंग्रजीतला खय्याम सुस्कारे फार टाकतो. मूळचा गृहस्थ घन समीकरणं सोडवणारा, इस्फहानात बसून वर्षाची लांबी मोजणारा. त्याला हा ठेका आवडला असता, असं मी बेधडक म्हणेन.