अर्पणपत्रिकेचे साल

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी जनतेला अर्पण केला, हे आपणही परीक्षेसाठी पाठ केले असेल. मीही केले होते. गुलामगिरी म्हणजे काय, हे मात्र पुष्कळ वर्षांनी अमेरिकेच्या इतिहासाचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ वाचताना दिसले. १८६३ मधील छायाचित्र होते ते : लुइझियानातील मळ्यातून पळून आलेल्या माणसाची उघडी पाठ आणि तिच्यावर चाबकाच्या वळांचे जाळे. बऱ्याच आधीच्या पानावर ट्रम्बुल यांचे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे भव्य चित्र. त्यात मधोमध मसुदा सादर करणारे जेफर्सन, स्वतः शेकडो गुलामांचे मालक! दोन्ही पानांत बोटे घालून मी कितीदा मागेपुढे केले.

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपते, १८७० मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळतो. १८७७ मध्ये दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचे संरक्षण संपते आणि तो हक्क हळूहळू हिरावला जातो. यासाठी माझ्या ग्रंथात जेमतेम एक परिच्छेद होता. लगेच रेल्वे, पोलाद, उंच इमारती. फुल्यांची अर्पणपत्रिका त्या मधल्या, आशेच्या वर्षांतली आहे. आता ती उघडली की मी आधी साल पाहतो.