पडद्यावरची इटालियन

पुणे

प्रिय मुक्ता,


बोलोन्याला तुझा प्रवेश पक्का झाल्याचं ताईनं सांगितलं, तेव्हापासून तुझ्यापेक्षा मीच जास्त हुरळून गेले आहे. वर्गात इंग्रजी चालेल. पण घरमालकीण, भाजीवाला आणि सरकारी कचेरीची खिडकी, तिघांपुढे इटालियनच लागेल. तू विचारलं आहेस, "मावशी, आधी व्याकरणाचे व्हिडिओ संपवू आणि मग नाटकं-मालिका बघू का?" मुळीच नको. निवृत्तीनंतर मीही ही भाषा पडद्यावरूनच शिकले, म्हणून हक्कानं सांगते.

व्याकरण शिकवणारे बहुतेक जण इंग्रजी बोलणाऱ्यांना समोर धरून शिकवतात. आवडणारी वस्तूच वाक्याचा कर्ता कशी होते, हे समजावताना त्यांना घाम फुटतो. तुला ते जन्मापासून येतं. समुद्र आवडतो, पुस्तकं आवडतात; तसंच 'पियाचे' आणि 'पियाच्चोनो'. तो गेला, ती गेली. तसंच 'ए आन्दातो', 'ए आन्दाता'. कर्माप्रमाणे क्रियापद बदलणंही तुला परकं नाही. फक्त एक पथ्य पाळ. कर्माच्या जागी सर्वनाम येऊन ते क्रियापदाच्या आधी बसलं, तर तिथं लिंग बदलतं. नाम मागून आलं तर क्रियापद ढिम्म राहतं. उच्चारांतही तू पुढेच आहेस. 'ग्रात्सिए'मध्ये 'चमचा'तला च आहे आणि 'चाओ'मध्ये 'चार'मधला. जोडाक्षरं मात्र ठासून म्हण. 'नोन्नो' म्हणजे आजोबा आणि 'नोनो' म्हणजे नववा. घाईत कुणाच्या आजोबांना नववा करून ठेवशील.

म्हणजे व्याकरणाचे निम्मे व्हिडिओ तू भराभर पुढे ढकलू शकतेस. पण उरलेले नाटकाशिवाय कळत नाहीत. आदरार्थी बोलण्याचंच बघ. व्याकरणाची बाई सांगते, जवळच्यांना 'तू' (हा अगदी आपलाच!), परक्यांना आणि मोठ्यांना 'लेई', आणि 'लेई'चं क्रियापद 'ती'सारखं चालवायचं, समोर मिशाळ पुरुष असला तरी. हे तू वहीत उतरवतेस आणि मग एदुआर्दो दे फिलिप्पोचं नाटक लावतेस. त्याची नाटकं 'राई' या तिथल्या सरकारी दूरदर्शननं चित्रित केलेली आहेत. १९४६ सालचं 'फिलुमेना मार्तुरानो' घे. तीन मुलांची आई मरणाचं सोंग घेऊन वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या माणसाला लग्न करायला लावते. त्यातला एक मुलगा त्याचा. पण कुठला, ते सांगत नाही. नेपल्सच्या या माणसांच्या तोंडी आदरासाठी येतं 'वोई', म्हणजे आपल्या 'तुम्ही'सारखं सरळ अनेकवचन. मग बाईंनी शिकवलं ते खोटं?

याचं उत्तर व्याकरणात सापडत नाही, इतिहासात सापडतं. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीनं 'लेई' परकं ठरवून मोडीत काढलं आणि सगळ्यांवर 'वोई' लादलं. राजवट गेली, 'लेई' परत आलं. पण नेपल्ससह दक्षिणेत 'वोई' कुणी लादण्याआधीपासूनच नांदत होतं, ते तसंच राहिलं. नियम, तो मोडणारा संवाद आणि त्यामागचं कारण एकाच आठवड्यात भेटलं तर विसरता येत नाही. म्हणून व्याकरण, नाटक-मालिका आणि इतिहास अशा तिन्ही प्रकारचे व्हिडिओ एकदम बघ.

नाटक-मालिका पहिल्यांदा लावलीस की काही म्हणजे काही कळणार नाही. खचू नकोस. 'ल'आमिका जेनियाले' ही एलेना फेर्रान्तेच्या कादंबऱ्यांवरची मालिका २०१८ साली इटलीत लागली, तेव्हा नेपल्सच्या बोलीतल्या संवादांखाली खुद्द इटालियनांसाठी इटालियन मजकूर द्यावा लागला होता. सिसिलीतल्या पोलीस अधिकाऱ्याची 'मोन्ताल्बानो' मालिका १९९९ पासून २०२१ पर्यंत चालली. त्यातला नायक आपली ओळख सांगताना क्रियापद शेवटी टाकतो, अगदी मराठी माणसासारखं. पुस्तकी इटालियनमध्ये ते आधी यायला हवं.

ही भाषा खुद्द तिथल्या लोकांनाही आयती मिळालेली नाही. १८६१ साली देश एक झाला, तेव्हा शंभरांतल्या दोन-तीन जणांनाच इटालियन येत होती, असा अंदाज तुल्लियो दे माउरो या भाषाशास्त्रज्ञानं १९६३ साली मांडला. इतर काहींनी तो आकडा दहापर्यंत नेला. बाकीचे आपापल्या बोलीत जगत होते. शाळा, सैन्य आणि शहरात आलेले मजूर यांनी भाषा पसरवली. १९५४ मध्ये 'राई'चं नियमित प्रक्षेपण सुरू झालं आणि ती घराघरांत पोचली. पुढे १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक निरक्षर प्रौढांना पडद्यावरून लिहायला-वाचायला शिकवत. मोठ्या कागदावर कोळशानं चित्र रेखाटत, मग त्याखाली अक्षर काढत. त्या कार्यक्रमामुळे १४-१५ लाख लोकांना प्राथमिक शिक्षणाचा दाखला मिळाला, असं सांगतात. त्यांचे जुने भाग आजही बघायला मिळतात. तू पहिल्यांदा तेच बघ. ते सावकाश आणि स्वच्छ बोलतात, आणि चित्र समोर असल्यामुळे अर्थ शोधावा लागत नाही.

पण मान्झींचे विद्यार्थी घरात एकेकटे बसून शिकत नव्हते. अनेक गावांत लोक एके ठिकाणी जमत, कार्यक्रम बघत आणि तिथला शिक्षक त्यांच्याकडून घोकून, लिहून घेई. ही अर्धी बाजू आपण विसरतो. व्हिडिओ कान तयार करतो. तोंड उघडायला समोर माणूस लागतो. तू अडखळलीस तर पडदा थांबत नाही आणि चुकलीस तर हसतही नाही.

म्हणून मी एक बेत केला आहे. गोल्दोनीचं 'ला लोकान्दिएरा' हे अठराव्या शतकातलं नाटक फ्लॉरेन्समधल्या एका खाणावळीत घडतं. गोल्दोनीनं बरंच लेखन व्हेनिसच्या बोलीत केलं, पण हे इटालियनमध्ये. त्यामुळे भाषा थोडी जुनी असली तरी आपल्याला झेपेल. त्यातली मिरान्दोलिना ही खाणावळीची मालकीण आणि बायकांचा तिटकारा करणारा एक सरदार यांचे प्रवेश फार गमतीचे आहेत. रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लाव. मिरान्दोलिना तू हो, सरदार मी होते. आधी एकदा बघून ये, पण पाठ करू नकोस. अडखळतच वाचायचं आहे.

ताईला सांग, तुझ्या बॅगेत लोणच्याची बरणी कमी आणि एक जाड वही जास्त घाल.

तुझी,
मावशी