प्याल्याचा काठ

दर रविवारी सकाळी साडेदहाच्या उपासनेत वेदीसमोरच्या लाकडी कठड्यापाशी मी द्राक्षारसाचा चांदीचा प्याला घेऊन उभी असते. गुडघे टेकलेल्या माणसाच्या ओठांशी प्याला न्यायचा, जरासा कलता करायचा, ठरलेले शब्द म्हणायचे. मग काठ पांढऱ्या सुती कापडानं आतूनबाहेरून पुसायचा, प्याला थोडा फिरवायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. मी पाळक नाही. फिलाडेल्फियाजवळच्या एका छोट्या गावातल्या एपिस्कोपल मंडळीची मी सभासद. नोकरीची सगळी वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली, आता निवृत्त आहे. बिशपांच्या परवान्यावर हा प्याला माझ्या हातात आला, आणि पुढे मंडळीनं मला सीनिअर वॉर्डन म्हणून निवडलं. वॉर्डनला काय काम असतं, असं कुणी विचारलं की मी हिशेबाचं, छपराचं, बॉयलरचं सांगते. मनात मात्र दर वेळी प्यालाच येतो, आणि त्याच्यामागून आजी.

आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, महारवाड्यात जन्मलेली. तिच्या लहानपणी पाणी मागितलं तर ते वरून, हातभर अंतरावरून, ओंजळीत पडायचं. भांडं हातात यायचं नाही. लग्नानंतर सासरच्या माणसांबरोबर तिचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे देवळात तिनं पहिलं प्रभुभोजन घेतलं. त्या दिवसाबद्दल ती फार बोलायची नाही. देवदूत दिसले, मन हलकं झालं, असलं काही सांगायची नाही. तिच्या आधी पाळकसाहेबांच्या बाई टेकल्या होत्या आणि तिच्यानंतर शाळेचे मास्तर. ती एवढंच म्हणायची, "माझं उष्टं मास्तर प्याले." हे सांगताना तिचा हात नकळत ओठांपाशी जायचा. धर्मशास्त्राची पुस्तकं मी नंतर पुष्कळ वाचली, पण पवित्र सहभागितेचा, म्हणजे प्रभुभोजनाचा, अर्थ मला त्या हातातून कळलेला आहे.

माझं लहानपण पुण्यात गेलं, गुरुवार पेठेत, पंचहौदच्या देवळाच्या सावलीत. देवळापासून सुटा उभा असलेला घंटांचा मनोरा आमच्या खेळाचं ठिकाण होता. बाबा मंडळीचे खजिनदार. रविवारी दुपारी ते आतल्या खोलीत अर्पणाची नाणी मोजायला बसायचे आणि दहा-दहाच्या चळती लावायचं काम मला मिळायचं. उपासना संपली की बाबा प्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचे. उघड्या बोटांनी त्यांनी तो धरलेला मला आठवत नाही. प्याला द्यायचा तो पाळकांनीच, आपण तो सांभाळायचा, ही त्यांची रीत होती.

पंचहौदशी आणखी एक प्याला जोडलेला आहे, चहाचा. १८९० मध्ये तिथल्या मिशनात व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा आला. त्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. नावं छापून आली, ग्रामण्य झालं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. बाबा हे रंगवून सांगायचे. आजी एकदाच मध्ये बोलली, "कपभर चहासाठी त्यांना एवढं सोसावं लागलं, ते तुम्ही लिहून ठेवलंत. आम्हाला घोटभर पाण्यासाठी किती, ते कुणी लिहिलं?" त्यानंतर बाबांनी ती गोष्ट तिच्यासमोर कधी सांगितली नाही. त्या प्रकरणामागे असलेल्या गोपाळराव जोशांच्या पत्नी आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या, हे मला पुढे कळलं. तोवर मी स्वतः त्याच शहरात नोकरीला लागले होते.

आमच्या मंडळ्यांत सगळं समतेनं चालत होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. सुटीत आम्ही ज्या गावी जायचो, तिथल्या देवळात प्रभुभोजनाला कोण आधी उठतं आणि कोण थांबून राहतं, हे लहान मुलांनाही ठाऊक होतं. बाप्तिस्मा होऊन दोन पिढ्या लोटल्या तरी काही घरं दुसऱ्या घरांच्या नंतर प्याला घ्यायला तयार नव्हती. मला या गोष्टीची आजही लाज वाटते. ख्रिस्ती माणसानं ती झाकून ठेवू नये.

१९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा कितीतरी परंपरा एका छपराखाली आल्या. मी तेव्हा बारा वर्षांची. पुढच्या वर्षी माझं दृढीकरण झालं आणि प्याला पहिल्यांदा माझ्या ओठांना लागला. द्राक्षारसाची चव आठवत नाही. काठाचा गारवा आठवतो.

१९८४ मध्ये लग्नानंतर अमेरिकेत आले. तिसऱ्या की चौथ्या रविवारी जवळचं एपिस्कोपल, म्हणजे इथल्या अँग्लिकन परंपरेचं, देऊळ शोधून काढलं. पुस्तक ओळखीचं निघालं, प्रार्थनांचा क्रम ओळखीचा, त्यामुळे मी निर्धास्तपणे कठड्यापाशी जाऊन टेकले. भाकर रेक्टरांनी, म्हणजे मंडळीच्या मुख्य पाळकांनी, दिली. प्याला घेऊन आली ती चष्मा लावलेली पन्नाशीची बाई. नंतर चहाच्या वेळी कळलं की ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते. कठड्यापाशी मात्र मी थबकले. बाबांचे कापडात गुंडाळलेले हात डोळ्यांपुढे आले. मला वाटतं, ती समजली. घाई न करता ती तशीच उभी राहिली, मी मान वर करेपर्यंत.

पाळकपदाची दीक्षा न घेतलेल्या माणसांच्या हाती या चर्चमध्ये एवढं काही कसं आलं, याचं कुतूहल त्या दिवसापासून लागलं. उत्तर इतिहासात आहे. इंग्रज १६०७ मध्ये जेम्सटाउनला वसले, पण अमेरिकेला तिचा पहिला अँग्लिकन बिशप १७८४ मध्ये मिळाला, तोही स्कॉटलंडमध्ये अभिषेक घेऊन आलेला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत ज्याला पाळक व्हायचं त्याला समुद्र ओलांडून इंग्लंडला जावं लागे. साहजिकच देवळं चालवली ती गावच्या लोकांनी. उपासनेची वस्त्रं ठेवायच्या खोलीत, व्हेस्ट्रीत, ते बैठकीला जमत आणि त्या खोलीचंच नाव समितीला पडलं. व्हर्जिनियात व्हेस्ट्री कर गोळा करी, गरिबांना मदत देई, पाळक नेमी. जॉर्ज वॉशिंग्टन अशाच एका व्हेस्ट्रीवर होता. या समित्यांवर गुलामांचे मालक बसत, हेही त्याच इतिहासात आहे आणि ते वगळून तो सांगू नये.

स्वातंत्र्यानंतर १७८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चमध्ये पहिलं सर्वसाधारण अधिवेशन भरलं. त्यात पाळकांबरोबर साधे सभासदही प्रतिनिधी म्हणून बसले. आजही या अधिवेशनाच्या दोन सभागृहांपैकी एक बिशपांचं आहे, आणि दुसऱ्यात प्रत्येक डायोसिसचे, म्हणजे बिशपच्या प्रांताचे, चार पाळक आणि चार सभासद असतात. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातल्या प्रश्नोत्तरीत मंडळीचे सेवक कोण, याचं उत्तर देताना साधे सभासद आधी येतात. बिशप, पाळक आणि डीकन त्यांच्या मागून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान बाबांना पत्रातून लिहून पाठवलं होतं.

त्याच फिलाडेल्फियातली दुसरी हकिकत मला अधिक जवळची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका मेथडिस्ट देवळात प्रार्थनेला टेकलेल्या कृष्णवर्णीयांना गुडघ्यांवरून ओढून उठवलं गेलं. त्यांत अॅब्सलम जोन्स होता, गुलामगिरीतून स्वतःची सुटका विकत घेतलेला. तेव्हा तोही पाळक नव्हता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी आपलं देऊळ उभारलं, १७९४ मध्ये ते एपिस्कोपल चर्चमध्ये आलं, आणि जोन्स पुढे या चर्चचा पहिला कृष्णवर्णीय पाळक झाला. तरीही त्या मंडळीला डायोसिसच्या अधिवेशनात कित्येक दशकं मत नव्हतं. प्याला एक, पण कठड्याशी पोचायची वाट प्रत्येकाची वेगळी. मला हे नवं नव्हतं. मी आजीची नात.

प्याला देण्याबद्दल मला विचारलं गेलं ते अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाल्यावर. शिकवलं त्या ग्रंथपाल बाईंनीच. रिकाम्या देवळात, प्याल्यात पाणी भरून. माणसाच्या हनुवटीकडे लक्ष ठेव, असं त्यांनी सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला मान वर करता येत नाही, मोठी टोपी घातलेल्या बाईचे ओठ दिसत नाहीत, लहान मूल प्याला ओढतं. प्रयोगशाळेत दिवसभर जंतू पाहणारी मी. एकाच काठाला तीस-चाळीस माणसांचे ओठ लागणार, हे मला खटकलं नसतं तरच नवल. मी वाचलं, तपासलं. चांदी, द्राक्षारस आणि पुसणं मिळून धोका फार थोडा राहतो, शून्य होत नाही. तेवढं जाणून मी प्याला उचलला, आणि माझ्यानंतर शिकणाऱ्या प्रत्येकाला हे जसंच्या तसं सांगत आले.

वेदीची निगा राखणाऱ्या बायकांच्या गटाला इथे अल्टार गिल्ड म्हणतात. त्यांच्याकडून मी धुणं शिकले. कापडावर लिपस्टिकचे डाग असतात, द्राक्षारसाचे असतात. पहिलं पाणी साध्या मोरीत जात नाही. वस्त्रांच्या खोलीत त्यासाठी एक वेगळं बेसिन आहे, त्याची नळी सरळ जमिनीत उतरते. प्याल्यातलं जे उरलं ते मातीला मिळालं पाहिजे. गिल्डमधल्या सर्वांत वयस्कर बाई हे काम चाळीस वर्षं करत होत्या. त्यांच्या तरुणपणी स्त्रियांनी प्याला धुवावा, पण सर्वसाधारण अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसू नये, असा प्रकार होता. स्त्रिया तिथे रीतसर बसल्या १९७० मध्ये, ह्यूस्टनला, आमच्या नागपूरच्या सोहळ्याच्या महिनाभर आधी.

आमच्या देवळाच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, दारू सोडू पाहणाऱ्यांची, सभा भरते. एका वर्षी खर्चाचा मेळ बसेना, तेव्हा त्यांचं भाडं वाढवायचा ठराव व्हेस्ट्रीपुढे आला. मी विरोध केला आणि त्या रात्री आमच्यात बरीच कडू बोलणी झाली. त्या सभेला जाणारा एक जण रविवारी कठड्यापाशी येतो, फक्त भाकर घेतो. ती पुरेशी आहे, एका घासात सगळं येतं, अशी आमची श्रद्धा आहे. मी समोर गेले की तो प्याल्याच्या बैठकीला दोन बोटं लावतो आणि हात मागे घेतो. त्याच्यासाठी प्याला तेवढ्याच अंतरावर थांबला पाहिजे. ठराव दोन मतांनी पडला. वॉर्डन म्हणून मी जे काही केलं, त्यात मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

वॉर्डन झाले २०१९ मध्ये, आणि त्याच वर्षी रेक्टर दुसरीकडे गेले. रेक्टर नसला की मंडळीचा भार सीनिअर वॉर्डनवर येतो. पाहुणा पाळक मिळाला तर सहभागिता, नाही मिळाला तर सकाळची प्रार्थना आम्हीच चालवायची. मग आला २०२० चा मार्च. देवळाला कुलूप मी लावलं. प्याला धुऊन, पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आणि तेव्हा लक्षात आलं की मी तो अगदी बाबांसारखा धरला आहे.

दोन वर्षांहून अधिक काळ प्याला बाहेर आला नाही. देऊळ उघडल्यावरही नुसती भाकर. माणसं अंतर ठेवून उभी राहत आणि भाकर वरून, हात लांब करून तळव्यावर ठेवली जाई. ते आवश्यक होतं, आणि प्रयोगशाळेत काम केलेल्या मीच त्याचा आग्रह धरला होता. पण पहिल्या रविवारी ते पाहताना मला आजीची ओंजळ दिसली आणि मी वस्त्रांच्या खोलीत जाऊन रडले.

२०२२ च्या उन्हाळ्यात प्याला परत आला. सगळे परतले नाहीत. काही जण अजूनही भाकर घेऊन उठतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. गिल्डमधल्या त्या वयस्कर बाई तोवर वृद्धाश्रमात गेल्या होत्या. आजाऱ्यांकडे सहभागिता नेण्याचाही परवाना माझ्याजवळ आहे. लहानशा पेटीत अंगठ्याएवढा प्याला, दोन मेणबत्त्या, कापड. ती घेऊन मी त्या बाईंकडे गेले तेव्हा त्यांना गिळता येत नव्हतं. मी काठ नुसता ओठांना लावला. त्यांनी डोळे उघडले आणि थरथरत्या हातानं कापड ओढून काठ स्वतः पुसला. सवयीनं, आतून आणि बाहेरून.

येत्या जानेवारीत वार्षिक सभा आहे. माझी मुदत संपते आणि मी पुन्हा उभी राहणार नाही. प्याला देणाऱ्यांच्या यादीत दोन नवी नावं आली आहेत. एक निवृत्त बसचालक आहे, दुसरी नायजेरियाहून आलेली परिचारिका. शनिवारी दहा वाजता दोघांना शिकायला बोलावलंय. प्याल्यात पाणी भरून सुरुवात करायची आहे.