चिठ्ठीत न लिहिलेली ओळ

काही वर्षांपूर्वी ओतूर परिसरातील एका वृद्ध गृहस्थांना मी न्यूमोनियाच्या उपचारासाठी शहरातील एका मोठ्या रुग्णालयात पाठवले. वीस वर्षे ते माझे रुग्ण होते. सोबतच्या चिठ्ठीत रक्तदाब, मधुमेह, चालू गोळ्या, पूर्वीची शस्त्रक्रिया असे सारे मी नेटकेपणाने लिहिले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. “डॉक्टर, अण्णा काहीच खात नाहीत. पाणीसुद्धा तोंडात घेत नाहीत. वयामुळे भ्रम झाला असावा, असं इथले डॉक्टर म्हणतात. नाकातून नळी घालावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. प्राणवायूचा मुखवटा, हाताला सलाईन, गळ्यापर्यंत चादर. मी चादर जराशी खाली केली आणि माझ्या लक्षात आले. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ नव्हती.

वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकांना पुढचे सांगायला नको. एकदा घातलेली माळ तुटली, तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्नपाणी न घेणारे माळकरी आपल्या गावोगावी आहेत. दाखल होतानाच्या घाईत ती कपड्यांबरोबर पिशवीत गेली होती आणि मुलाने ती पिशवी न उघडताच गाडीत ठेवली होती. मुखवट्याआडून अण्णांचे बोलणे कोणाला कळत नव्हते. मी विचारले, “अण्णा, माळेसाठी थांबलात का?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. परिचारिकेने माळ स्वच्छ पुसून, मुखवट्याच्या पट्ट्यात अडकणार नाही अशी गळ्यात घातली. गिळताना ठसका लागत नाही याची खात्री करून चमच्याने पाणी दिले. ते त्यांनी घेतले. नळीची गरज पडली नाही.

माळेने न्यूमोनिया बरा केला नाही. तो प्रतिजैविकांनी बरा झाला. परंतु अण्णांचे न खाणे हा भ्रम नव्हता, तो नेम होता. वीस वर्षे ती माळ पाहणाऱ्या मी चिठ्ठीत त्याची एक ओळ लिहिली नव्हती. चूक माझी होती.

वाचकहो, आजारी माणसाच्या श्रद्धेची दखल घेणे हा उपचाराचाच भाग आहे, हे वैद्यकाने आता मान्य केले आहे. 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. शरीर, मन, कुटुंब आणि आत्मिक जीवन या चारही ठिकाणी माणूस दुखत असतो, असा तिचा आशय. जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये केलेल्या परिहार सेवेच्या व्याख्येतही आत्मिक प्रश्नांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करीत आले आहे.

आपल्याला घरी काय करता येईल? अमेरिकेतील डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी डॉक्टरांसाठी चार मुद्द्यांची साधी प्रश्नावली तयार केली. ती मी आपल्या बोलीत विचारतो. तुमचा आधार कशावर आहे? आजारपणात त्याचे किती महत्त्व वाटते? भजनी मंडळ, मशीद, विहार, शेजारपाजार यांपैकी कोण भेटले तर बरे वाटेल? आणि उपचार करताना आम्ही काय सांभाळावे? “माझा देवावर विश्वास नाही,” हेही पूर्ण उत्तर आहे. अशा रुग्णाच्या उशाशी नातेवाइकांनी हौसेने पोथी लावू नये.

कधी श्रद्धाच ओझे होते. एका आजी रात्र रात्र झोपत नसत. लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाला बोललेला नवस राहिला म्हणून यजमान आजारी पडले, असे त्यांनी मनाशी घेतले होते. गुडघे पायऱ्या चढू देत नव्हते. मी मुलाला म्हटले, “आईच्या वतीने तू चढून ये.” तो गेला. आजी त्या रात्री झोपल्या. झोपेची गोळी मी लिहून देऊ शकलो असतो. पण ती कशावर दिली असती, हा प्रश्नच आहे. म्हणून आजाऱ्याला वा त्याच्या माणसांना ‘हे मागच्या जन्मीचे भोग’ असे कधीही ऐकवू नका. दुखण्यावर अपराधाचा भार चढवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

श्रद्धा सांभाळताना काही पथ्ये मात्र कडक आहेत. प्राणवायू चालू असलेल्या खोलीत निरांजन वा उदबत्ती पेटवू नये. आग भडकू शकते. बेशुद्ध किंवा ग्लानीतल्या रुग्णाच्या तोंडात तीर्थ वा गंगाजल ओतू नये. ते फुफ्फुसात उतरते. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करावेत, भावना तेवढ्यानेही पोचते. जखमेवर अंगारा लावू नये, कपाळी लावावा. हाताला सूज असेल तर दोरा सैल करावा. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांनी एकादशी वा रोजा डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. आजाऱ्याला रोज्यातून सवलत इस्लामनेच दिली आहे. आणि सर्पदंश झाला तर एक मिनिटही मंत्रात न घालवता रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष आधी, देवदर्शन नंतर.

शेवटची गोष्ट अधिक अवघड. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहणारी अनेक माणसे मला सांगतात, “डॉक्टर, मरण आलंच तर घरात येऊ द्या.” ही इच्छा पुरी व्हायची, तर डॉक्टरांनी वेळेवर खरे सांगावे लागते आणि नातेवाइकांनी वेळेवर विचारावे लागते. “आता बरे होण्याची आशा किती? घरी नेले तर वेदना कशी आवरता येईल?” हे प्रश्न विचारणे म्हणजे हार मानणे नव्हे. उत्तर उशिरा मिळाले, तर माणूस वाटेतच, घाटातल्या रुग्णवाहिकेत जातो.

अण्णा त्यानंतर काही काळ जगले. पुढे ते आपल्या घरी, माणसांत गेले. माळ गळ्यातच होती.

आता माझ्या प्रत्येक चिठ्ठीत औषधांच्या खाली एक ओळ असते: ‘माळकरी आहेत, माळ काढावी लागल्यास आधी समजावून सांगावे,’ किंवा ‘नमाजाच्या वेळी पलंग किब्ल्याकडे वळवता आल्यास पाहावे,’ किंवा नुसतेच, ‘रात्री दिवा मालवू नये, भीती वाटते.’ ही ओळ लिहायला डॉक्टरच हवा असे नाही. आज संध्याकाळी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, विचारा, आणि त्यांच्या औषधांच्या फायलीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. घाईच्या दिवशी विचारायला वेळ नसतो आणि सांगायला त्यांच्या तोंडावरचा मुखवटा आड येतो.