वासराचा वाटा

कुणाची दिवाळी चकलीच्या वासाने सुरू होते, कुणाची आकाशकंदिलाने. माझी सुरू होते ती गाईच्या खुरांच्या आवाजाने. घोटीला आमच्या आळीत वसुबारसेच्या संध्याकाळी शेजारची गाय वासरासकट दारात येते. सासूबाई तिच्या पायांवर पाणी घालतात, दोघांना हळदकुंकू वाहतात, ओवाळतात. त्या दिवशी आमच्याकडे गाईचे दूध, दही, तूप काही चालत नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. "आजचं दूध वासराचं," एवढेच त्या म्हणतात.

लग्न होऊन नाशिकहून या घरात आले तेव्हा ही मला नुसती एक रीत वाटली होती. तिचा अर्थ कळायला २००७ सालच्या दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंतचे सतरा दिवस जावे लागले.

माझा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. दसऱ्याच्या आदल्या रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या, सकाळी जुलाब. दारात माणसे सोने द्यायला येत होती आणि मी आत लंगोटांचा ढीग उपसत होते. गावातल्या दवाखान्यातून मीठ-साखरेच्या पुड्या आणल्या, चमच्याचमच्याने पाणी पाजले. तीन दिवसांत उलट्या थांबल्या, ताप उतरला. सुटलो, असे म्हणून मी त्या दिवशी पोटभर जेवले.

पण जुलाब काही थांबेनात. उलट त्यांची तऱ्हाच बदलली. पातळ, फेसाळ, आंबूस वासाचे. आणि त्या आंबटपणाने बाळाचे ढुंगण लालभडक सोलवटलेले. पाजायला घेतले की पाचदहा मिनिटांत पोटात गुरगुर, गुडघे पोटाशी, किंकाळी आणि पुन्हा लंगोट. माझे दूध पोटात गेले की तो रडतो, हे कुणी सांगायची गरजच नव्हती. मला दिसत होते, घराला दिसत होते, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू येत होते.

"दूध बाधलं," असा निकाल लागला. एकदा आरोपी सापडला म्हटल्यावर साक्षीदारांना काय तोटा! शेजारच्या काकूंनी माझ्या ताटातली वांगी काढली. आत्याबाईंनी पेरू, काकडी आणि हरभऱ्याची डाळ बंद केली. मी आपण होऊन दूध, दही आणि चहासुद्धा सोडला. शेवटी ताटात भात आणि मेतकूट राहिले. घोटीसारख्या तांदळाच्या पेठेत, त्यात ह्यांचे दुकान तांदळाचे. तेवढी एक ददात नव्हती.

सातव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस अंगावरचं बंद कर, पोरी. तांदळाची पेज देऊ, गाईचं दूध पातळ करून देऊ. पोर सुकत चाललंय."

मी ऐकले. राग येण्याइतकेही बळ नव्हते, आणि मनातून मला ते खरेच वाटत होते. रात्रभर त्या बाळाला मांडीवर घेऊन पेज भरवीत बसल्या आणि मी पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून. तो रडला की माझा पदर भिजायचा. त्याला माझा वास येऊ नये म्हणून मी दार लोटून घेतले होते. पण दुधाला कोण दार लावणार? पहाटे रडण्याचा आवाज बारीक झाला तेव्हा मी उठले, त्याला सासूबाईंच्या मांडीवरून उचलले आणि पदराखाली घेतले. त्या काही बोलल्या नाहीत. सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघे नाशिकला निघालो.

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे वजन केले, टाळू चाचपली, जीभ ओली आहे ना ते पाहिले, लघवी किती वेळा होते ते विचारले. मग कुठून आलात म्हणून चौकशी केली.

"घोटीहून? मग तुम्हाला समजावणं सोपं आहे. आवणीनंतर भाताचं रोप कसं असतं?"

"मान टाकून पडतं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि मग?"

"आठपंधरा दिवसांत उभारी धरतं."

"तसंच आहे हे. आतड्याच्या आत भाताच्या रोपांसारखे बारीक बारीक अंकुर असतात. त्यांच्या शेंड्यांवर दुधातली साखर पचवणारा रस असतो. या आजारानं ते शेंडे झडलेत. साखर न पचता तशीच खाली जाते, सोबत पाणी ओढून नेते, आणि जंतू ती आंबवतात. म्हणून फेस, म्हणून आंबट वास. शेंडे पुन्हा फुटतील. तोवर अंगावर पाजणं थांबवू नका. त्या दुधातच नवे अंकुर फुटायची सामग्री आहे."

मी माझ्या मेतकूट-भाताची हकिकत सांगितली. त्या हसल्या. ही साखर आईच्या ताटातून येत नाही, म्हणाल्या. ती स्तनातच तयार होते. आईने दूध प्यावे की सोडावे, तिचे प्रमाण तेच, शंभरात सुमारे सात भाग. गाईच्या दुधातही ती असतेच, जरा कमी, पाचाच्या आतबाहेर, शेळीच्याही. म्हणजे ज्याच्या भीतीने आईचे दूध सोडायचे, तेच वाटीतून पाजायचे! जन्मतःच ही साखर न पचणारे मूल फार क्वचित आढळते. वजन घसरतच राहिले, तोंड कोरडे पडले, टाळू खोल गेली, लघवी कमी झाली, तर मात्र ताबडतोब घेऊन या. मग काही दिवस निराळे दूध द्यायचे की काय ते मी ठरवीन, असे त्यांनी बजावले. झिंकच्या गोळ्या चौदा दिवसांसाठी दिल्या, आणि मीठ-साखरेचे पाणी चालू ठेवायला सांगितले.

सासूबाईंनी उठता उठता विचारले, "म्हणजे, दूध बंद करायचंच नसतं?"

"नाही, आजी."

परतीच्या वाटेभर त्या खिडकीबाहेर पिवळ्या पडत चाललेल्या भाताकडे बघत होत्या.

त्या मीठ-साखरेच्या पुडीचे मला पुढे फार नवल वाटले. एक साखर पोटातले पाणी ओढून बाहेर नेते, आणि पुडीतली ग्लुकोजची साखर मिठाला आणि पाण्याला हात धरून आत घेऊन जाते! १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी हेच पाणी पिंपांत कालवून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पेल्यापेल्याने पाजविले. शंभरातले तीस जात होते, तिथे चाराहूनही कमी जाऊ लागले. डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. लहान मुलांत असे जुलाब पुष्कळदा ज्या रोटाव्हायरसमुळे होतात, त्याची लसही २०१६ पासून आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. आमच्या वेळी ती सरसकट मिळत नव्हती.

घरी आल्यावर मी पाजू लागले. तो रडायचा, मीही रडायची. पण आता गुन्हेगारासारखी नव्हे. सासूबाई न बोलता पाण्याचा तांब्या शेजारी आणून ठेवीत, लंगोट धूत, सोलवटलेल्या जागी खोबरेल लावीत. फेस कमी झाला. मग वास गेला. वसुबारसेच्या सकाळी लंगोटात नेहमीचे पिवळे, दाटसर पाहिले आणि मी घरभर हाका मारीत सुटले. असल्या गोष्टीचा असा आनंद होतो, हे आई झाल्यावाचून खरे वाटायचे नाही.

संध्याकाळी गाय आली. ओवाळून झाल्यावर वासरू ढुशा देत पिऊ लागले. सासूबाई रिकामे तबक हातात धरून बघत उभ्या होत्या.

"ह्याच्या बापाच्या आधी मला एक झालं होतं," त्या म्हणाल्या. "मुलगी. असंच हगवणीचं निमित्त. सगळे म्हणाले, दूध बंद कर. केलं मी."

ह्यांना बहीण होती, हे मला त्या दिवशी कळले. पुढे त्यांनी काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. आत बाळ रडू लागले होते.

"जा," त्या म्हणाल्या, "त्याला पाज आधी. तबक मी ठेवते."