हिमनग सुटतो तेव्हा

भारती केंद्रावर पाण्याचा हिशोब रोज लिहावा लागतो. चहूकडे बर्फ, पायथ्याशी गोठलेला समुद्र, आणि तरीही आंघोळीचं पाणी मोजून. समुद्राचं पाणी पंपानं ओढायचं, यंत्रात गोडं करायचं, मगच ते नळाला येतं. पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे डिझेल जळतं आणि डिझेल येतं जहाजातून, उन्हाळ्यात. मी पाटोदा तालुक्यातल्या, बालाघाटावरच्या गावचा. जनरेटर आणि पाण्याची यंत्रं सांभाळणं हे माझं काम. २०१९ सालचा अंटार्क्टिकाचा हिवाळा मी भारतीवर काढला. इकडे बीड जिल्ह्यात तेव्हा चारा छावण्या लागल्या होत्या आणि आमची जनावरंही छावणीत बांधलेली होती. आई फोनवर विचारायची, ‘तिकडं पाणी हाय का रं?’ आहे म्हणावं तर खरं, नाही म्हणावं तरी खरं.

भारती हे भारताचं संशोधन केंद्र लार्समन टेकड्यांवर, प्रिड्झ उपसागराच्या काठी आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली ही इमारत मालवाहू कंटेनर जोडून उभी केलेली आहे. खिडकीतून समुद्रात अडकलेले हिमनग दिसत. काही सपाट माथ्याचे, भिंतीसारख्या सरळ कडांचे. काही वाकडेतिकडे, सुळके निघालेले. ते कुठून येतात हे मला तोवर नीट कळलेलं नव्हतं. केंद्रावरच्या एका हिमशास्त्रज्ञानं जेवणाच्या टेबलावर, रात्री संपतच नव्हत्या त्या जून महिन्यात, ते समजावून सांगितलं.

आत खंडावर पडलेला बर्फ वितळत नाही. वर्षावर वर्ष थर साचतात, खालचे दाबले जाऊन घट्ट होतात आणि हा सगळा भार स्वतःच्याच वजनानं उताराकडे सरकू लागतो. ती हिमनदी. समुद्राला मिळाली की तिचा तळ जमीन सोडतो आणि शेकडो मीटर जाडीचा बर्फ जमिनीला जोडलेलाच राहून पाण्यावर तरंगू लागतो. त्याला आईस शेल्फ म्हणतात. भरती-ओहोटीबरोबर तो वरखाली होतो, खालून समुद्राचं पाणी त्याला झिजवतं आणि पुढे पसरताना त्यात ताण येऊन भेगा पडतात. भेग आरपार गेली की पुढचा तुकडा सुटतो. शेल्फवरून सुटलेले ते सपाट माथ्याचे, आणि हिमनदीच्या कड्यावरून ढासळलेले बहुधा ते वाकडेतिकडे. दोन्ही गोड्या पाण्याचे, आणि दोन्हींचा दहातला जवळजवळ नऊ हिस्सा पाण्याखाली.

आमच्या पश्चिमेला अमेरी नावाचा आईस शेल्फ आहे. लँबर्ट ही जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक, ती त्याला येऊन मिळते. त्याची पुढची कड दिवसाला तीन-चार मीटर समुद्रात सरकते. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस अमेरीचा १,६३६ चौरस किलोमीटरचा तुकडा सुटला. डी-२८ असं त्याचं नाव ठेवलं गेलं. वजन सुमारे ३१५ अब्ज टन. आम्हाला काही जाणवलं नाही. ना हादरा, ना आवाज. जनरेटरची घरघर नेहमीसारखीच चालू होती. उपग्रहाच्या चित्रांची बातमी आली तेव्हा कळलं की शेजारी एवढं मोठं काही घडून गेलंय.

रात्रपाळीत मी कागदावर आकडे मांडले. तेवढ्या बर्फाचं पाणी म्हणजे शंभराहून जास्त जायकवाडी. पुन्हा मांडले, तेच आलं. आमच्या माजलगावच्या धरणात ज्या जायकवाडीतून पाणी येतं, ज्याच्या टक्केवारीवर मराठवाड्याचा जीव टांगलेला असतो, ती शंभर वेळा तुडुंब भरेल इतकं गोडं पाणी खाऱ्या समुद्रात निघालं होतं. छावणीतली जनावरं आठवली आणि मला पेन खाली ठेवावं लागलं.

बर्फ सुटताना प्रत्यक्ष पाहिला तो परतीच्या वाटेवर. जहाज बर्फाच्या एका कड्यापासून बरंच लांबून चाललं होतं. कड्याच्या माथ्यावर आधी पांढरी धूळ उडाली. मग एक अख्खी फळी सरळ खाली सरकली, पाण्यात पूर्ण गेली आणि उलटून वर आली. तिची खालची बाजू गर्द निळी होती. हवेचे बुडबुडे दाबून गेलेला जुना बर्फ असा दिसतो. हे सगळं निःशब्द घडलं, कारण आवाज मागून आला. बोलणारे सगळे गप्प झालो.

गावी आल्यावर शाळेत बोलायला बोलावलं. मागे बसलेल्या एका आबांनी विचारलं, ‘हे बरफ वढून आणता येत नाही का?’ कुणी हसलं नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. रेल्वेनं येतं तर समुद्रातून का नाही, हा प्रश्न रास्तच होता. मी सांगितलं की १९७७ मध्ये सौदी अरेबियाच्या एका राजपुत्रानं यावर अमेरिकेत परिषद भरवली होती. अडचण अशी की उष्ण समुद्रात हिमनग वाटेतच वितळत जातो, आणि मुंबईपर्यंत आणला तरी ते पाणी सह्याद्री चढवून बालाघाटावर आणायचं.

‘मग ते तुटतंय म्हणून रडायचं का?’ आबांचा पुढचा प्रश्न. याचं उत्तर मी विहिरीवरून दिलं. विहिरीतून उपसा होणारच; वर्षभरात जेवढं भरतं त्याहून जास्त उपसलं की ती आटते. हिमनग सुटणं हा अंटार्क्टिकाचा उपसा. डी-२८ हा अमेरीच्या नेहमीच्या चक्रातला भाग असल्याचं शास्त्रज्ञांनीच सांगितलं. त्याआधी १९६३-६४ च्या सुमारास तिथून याहून कितीतरी मोठा तुकडा गेला होता. २००० साली रॉस शेल्फवरून सुटलेला बी-१५ तर आपल्या बीड जिल्ह्याहून थोडा मोठा होता. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र २००२ मध्ये लार्सन-बी हा शेल्फ महिनाभरात कोसळला, तो उबदार हवेनं. तरंगता बर्फ गेल्यानं समुद्र जवळजवळ वाढत नाही, पण मागच्या हिमनद्यांना धरून ठेवणारा अडसर जातो. लार्सन-बीच्या मागच्या हिमनद्या नंतर कितीतरी पट वेगानं धावू लागल्या, आणि जमिनीवरून येणारा तो बर्फ समुद्राची पातळी वाढवतो. अंटार्क्टिकाचा उपसा आता भरण्याहून जास्त आहे. वर्तमानपत्रं दोन्ही प्रकार एकाच मथळ्याखाली छापतात, याचं मला वाईट वाटतं.

सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, पुढचा तुकडा कधी सुटेल? तारीख सांगता येत नाही. अमेरीच्या कडेला ‘हलता दात’ नावाचा एक भाग आहे. शास्त्रज्ञ त्याच्यावर डोळा ठेवून होते, आणि सुटला तो त्याच्या शेजारचा. ‘हे मोजायला आपल्याकडचं कोणी जातं का?’ तिचा पुढचा प्रश्न. नागपूरच्या अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत गेल्या होत्या, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी एक, असं मी सांगितलं. मोहिमा गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून आखल्या जातात. विज्ञान शिकून जाता येतं आणि आयटीआय करूनही. तिनं आयटीआयला मुलींना कोणते ट्रेड मिळतात ते विचारलं, आणि मग आमचं बोलणं बराच वेळ त्यावरच चाललं.